पाचवं कलम आणि उभी ज्वारी

यंदा हुरडा आणि निवडणूक पुन्हा एकदमच आली. सोलापुरात नव्या पेठेत कापडाच्या दुकानापुढं एक बाई हिरव्या कणसांच्या जुड्या मांडून बसली होती आणि तिच्या डोक्यावरून प्रचाराच्या रिक्षेतला भोंगा कुणाला तरी प्रचंड मतांनी निवडून द्यायला सांगत होता. मी एक जुडी उचलून नाकाशी नेली. तोच वास, चिकाचा, ओलसर, गोड. "घ्या की मावशी, मंगळवेढ्याकडला हाय. लई कवळा," बाई म्हणाली. मी जुडी खाली ठेवली आणि चालू लागले. "घ्यायचा न्हाय तर हुंगता कशाला?" ती मागून म्हणाली. बरोबर होतं तिचं.

घरी येते तोवर फोन वाजला. पोलीस ठाण्यातला एक तरुण अधिकारी फार अदबीनं बोलत होता. आमच्या भागात सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांची शांतता बैठक आहे, तुम्ही यायलाच हवं, तुमच्या त्या गावात तुम्ही एकही डोकं न फुटता निवडणूक पार पाडली होती असं ऐकलंय. खरंच ऐकलं होतं त्यानं. एकही डोकं फुटलं नव्हतं. शांतता समितीच्या इतिवृत्तात शेवटची ओळ तशीच आहे, आणि ते अक्षर माझं आहे.

ते गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं, एसटीनं पाऊण तास. मी तिथं अकरा वर्षं शाळेवर होते, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. काळी जमीन, बांधावर एखादी बाभळ, आणि नजर पोचेल तिथवर एकच पीक. पाऊस तिथं चहाला न थांबणाऱ्या पाहुण्यासारखा येऊन जायचा. गावाचा खरा हंगाम थंडीचा. पौषात ज्वारी डोक्याच्या वर गेली की पांदीच्या वाटेनं चालणारी माणसं दिसायची नाहीत, नुसतं त्यांचं बोलणं ऐकू यायचं. सकाळी दवानं निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजायच्या आणि शाळेत पोचेपर्यंत उन्हानं कडक वाळायच्या. मला तो हंगाम फार आवडायचा, हे आत्ताच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून वाटायचं की ही बाई मुळातच कडू.

त्या भागात ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. वाकायचं, धाट दोन्ही हातांनी धरायचं, हिसका द्यायचा. जमिनीत थोडी ओल असेल तोवर ते सुखानं निघतं. ओल सरली, भेगा पडायला लागल्या, की तीच जमीन मुळं सोडत नाही आणि तळहाताची साल निघते. म्हणून घाई असते, आणि घाई असते म्हणून सावड असते. सात-आठ घरांनी एक व्हायचं. आज सगळ्यांनी मिळून याचं रान काढायचं, परवा त्याचं. कुणाची सावड कुणाशी हे आजा-पणजापासून ठरलेलं. सोयरीक मोडंल पर सावड मोडत न्हाय, असं तिथले म्हातारे म्हणायचे. म्हाताऱ्यांचा निवडणुकीचा अभ्यास कमी होता.

गावात दोन पॅनेल. खालच्या आळीचं आण्णांचं, वरच्या आळीचं तात्यांचं. मुद्दा काय होता म्हणाल तर कुणालाच सांगता आला नसता. आधीच्या निवडणुकीत आण्णा जिंकले, गुलाल उधळत हलगी निघाली आणि मुद्दाम तात्यांच्या दारात थांबली. पहिल्यांदा शिव्या झाल्या, मग दगड. गावातल्या कौसाबाईचा नवरा तेव्हा डेअरीला दूध घालून मोकळी किटली हातात घेऊन येत होता. तो कुठल्याच पॅनेलचा नव्हता. दगड कानशिलावर बसला, सोलापूरला पोचायच्या आधीच तो गेला. दगड कुणाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ज्यांना कळलं होतं ते बोलले नाहीत. तेराव्याला मात्र दोन्ही पॅनेलं जेवायला होती आणि वाढायलाही होती.

त्यामुळं पुढची निवडणूक लागली तेव्हा वरून फर्मान आलं, की दोन्ही बाजूंना बसवा, बोलतं करा, लेखी घ्या. पोलीस पाटलांना बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. लिहायला मी.

पहिल्या दोन बैठका चौथीच्या वर्गात झाल्या. आण्णांची माणसं खिडकीच्या भिंतीला, तात्यांची फळ्याच्या भिंतीला, आणि मधली सतरंजी मोकळी. दोन्ही वेळा "तुमीच आधी दगड टाकला" यापुढं गाडी सरकली नाही. तिसऱ्या बैठकीला कौसाबाई आली. बोलावलं नव्हतं तिला. दारात उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "माज्या घरात जे झालं ते झालं. आता दुसरीच्या घरात नगं. मी कुणाचं नाव घेत न्हाय. तुमी फकस्त बोला येकमेकांशी." एवढं बोलून गेली. आण्णा खाली बघत होते, तात्या खिडकीबाहेर.

पोलीस पाटील शहाणा माणूस. तो म्हणाला, आता वर्गात नको, माझ्या रानात हुरडा खायला या. सकाळच्या उन्हात आगटी पेटली, शेणकुटांचा निळा धूर ज्वारीत शिरला, आणि तीस-पस्तीस माणसं एकाच आगटीभोवती बसली, कारण आगटी एकच होती. भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि शेजारच्याच्या ओंजळीत टाकायचं, अशी तिथली रीत. आपण चोळलेलं आपणच खाल्लं तर माणूस खादाड म्हणतात. शेजारी कोण बसलाय ते बघायला रीत थांबत नाही. आण्णांनी चोळलेला गरम हुरडा तात्यांच्या ओंजळीत पडला आणि तात्यांनी तो शेंगाच्या चटणीबरोबर तोंडात टाकला. तोंड भरलं असलं की शिवी देता येत नाही. त्या सकाळी माझे डोळे धुरानं नव्हे, खऱ्या आनंदानं भरून आले होते. आज त्याची आठवण झाली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिथंच बांधावर बसून मी करार लिहिला. कुणी कुणाच्या अंगावर हात टाकायचा नाही. गुलाल फक्त देवळापुढं. हलगी पारापर्यंत. मतदानाच्या दिवशी दारू नाही, यावर थोडी चर्चा झाली पण तेही मान्य झालं. चार कलमं झाली. पाचवं माझं. वर्गात दोन पोरं मारामारी करायला लागली की मी एकाला या कोपऱ्यात बसवायची, दुसऱ्याला त्या. वीस वर्षं हे चाललं होतं आणि कधी चुकलं नव्हतं. म्हणून मी लिहिलं: निकालापासून एक महिना एका पॅनेलच्या माणसानं दुसऱ्या पॅनेलच्या माणसाच्या दारात किंवा रानात पाऊल टाकायचं नाही. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलवल्या.

पस्तीस शेतकरी, चारी बाजूंनी ज्वारी, संक्रांतीनंतर निकाल आणि निकालानंतर काढणी. आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. निवडणुकीच्या दिवसांत शेतकऱ्याला शेत आठवत नाही, मतं आठवतात. मी तर शहरातली, मला पीक दिसायचं, काम दिसायचं नाही. आण्णांच्या लक्षात आलं होतं का? त्यांनी ज्वारीकडं एकदा पाहिलं होतं एवढं मला आठवतं. मग हसून पहिली सही केली होती. त्या हसण्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

करार झाला की यादी हवी. कुठलं घर कुठल्या पॅनेलचं. मी कागदाच्या मधोमध रेघ मारली आणि घरोघर फिरून नावं लिहिली. कौसाबाई निवडुंगाच्या कुंपणाशी म्हशीला पाणी पाजत होती. मी विचारलं तर म्हणाली, "मी कुणाचीबी न्हाय, बाई. मला मधी ठिवा." मी म्हटलं, मध्ये रेघ आहे. ती हसली. "मग रेगंवर लिवा." तिचा दीर तात्यांच्या पॅनेलमधून उभा होता, आडनाव एकच, म्हणून मी तिचं नाव तात्यांच्या बाजूला लिहिलं. कुठंतरी लिहावं लागतं, असं म्हणाले तिला. मला यादी पूर्ण करायची होती.

आण्णा पुन्हा जिंकले. गुलाल देवळापुढंच पडला, हलगी पाराच्या पुढं एक पाऊलही गेली नाही. कुणाच्या अंगाला नख लागलं नाही. बंदोबस्ताला आलेले पोलीस दुपारी झाडाखाली झोपले होते. कौसाबाईचा दीर मात्र पडला, आणि पडल्याची लाज वाटून बायकोला घेऊन पोराकडं पुण्याला निघून गेला. त्याच आठवड्यात काढणी लागली.

कौसाबाईच्या सावडीतली सातही घरं खालच्या आळीची, आण्णांची. तिनं निकालाआधीच त्यांतल्या तीन घरांची रानं काढून दिली होती. त्यांची ज्वारी अगोदर तयार झालेली. तिची पाळी आली तेव्हा ती पहाटेच उठून सगळ्यांच्या वाटणीच्या भाकरी थापून रानात जाऊन बसली. ऊन डोक्यावर आलं तरी कुणी आलं नाही. मग ती एकेका घराशी गेली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली, कारण आत जायची तिलाही बंदीच होती. सगळ्यांनी प्रेमानंच सांगितलं. "वैनी, आमचं काय म्हननं न्हाय, पर कलम हाय न्हवं." वरच्या आळीत गेली तर त्यांच्या सावडी भरलेल्या. शेजारच्या गावांत मजूर मिळेना, तिथंही काढणीच. एवढ्या भाकरींचं तिनं काय केलं, मी विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी ती मधल्या सुट्टीत शाळेत आली. तळहात चिंध्यांनी बांधलेले. "बाई, तेवढं पाचवं कलम खोडा की. जमीन लई आवळाया लागलीय. मला एकटीला दिसाला चार सऱ्याबी हुईनात." मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं, की एक कलम खोडलं की बाकीचीही कुणी मानणार नाही. ज्या करारामुळं गाव शांत राहिलं तोच मोडेल. तिनं हातावरची सुटलेली चिंधी दातांनी आवळली. मग म्हणाली, "बरं मग, माजं नाव तरी रेगंच्या पल्याड लिवा." मी म्हटलं, प्रती वर गेल्यात, आता नाव हलवता येत नाही. ती उठली. जाताना पाण्याचा तांब्या तिनं विसळून ठेवला.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. आण्णांकडं गेले होते. त्यांनी चहा मागवला, पंखा माझ्याकडं वळवला. मी कौसाबाईचं नाव काढताच ते हळहळले. "गरीब बाई. लई वाईट वाटतं बगा. पर बाई, आमी तुमच्या शब्दाभायेर न्हाय. तुमीच लिवलंय की. उद्या वरच्या आळीचं कोन म्हनलं, खालच्यांनी कलम मोडलं, आनि डोकं फुटलं येकाद्याचं, तर जबाबदार कोन? मी का तुमी?" मी चहा संपवला. माझ्याच वाक्यात मला कोंडून तो माणूस इतक्या आदरानं दारापर्यंत सोडायला आला, की रागावायलाही जागा राहिली नाही. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी उघड्या डोळ्यांनी पाहत होते, आणि कुंपण माझ्या हातचं होतं.

प्रजासत्ताक दिनाला तालुक्याला सत्कार झाला. शाल, नारळ, प्रशस्तिपत्र. आण्णा आणि तात्या एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटोला उभे राहिले, मध्ये मी. तात्यांचा त्या महिन्यात काहीच तोटा झाला नव्हता. त्यांची सावड त्यांच्याच आळीतली होती. परत येताना जीप कौसाबाईच्या रानावरून आली. पिकलेल्या ज्वारीवर राघूंचे थवे उतरत होते. ती गोफण फिरवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळत होती, आणि ती एका टोकाला पोचली की पाखरं दुसऱ्या टोकाला बसत होती. जीपमधलं कुणीतरी म्हणालं, "आवाज द्या की येकादा, निदान पाखरं तरी उठतील." ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. सगळे हसले. मीही हसले असेन. शाल अजून अंगावर होती.

परवाच्या बैठकीला मी गेले. एसी हॉल, चार-पाच पक्ष, पाण्याच्या बाटल्या. खूप समजूतदार बोलणं चाललं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. आधीच्या खेपेला आपल्या भावाचा हात मोडला होता म्हणून एक कार्यकर्ता खरोखर कळवळून बोलला. मग ठराव मांडला गेला, की निकालानंतर आठवडाभर एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्याच्या गल्लीत जाऊ नये. टाळ्या पडल्या. मी हात वर केला आणि विचारलं, "पाण्याचा टँकर कुठल्या गल्लीत थांबतो?" सगळे माझ्याकडं पाहायला लागले. अधिकारी हसून म्हणाला, "मॅडम, तो विषय महापालिकेचा." मी म्हटलं, विषय कुणाचाही असू दे, घागर घेऊन कोण जातं आणि कुठल्या गल्लीतून जातं, ते आधी विचारा. थोडी कुजबुज झाली. शेजारची एक बाई मला म्हणाली, "काकू, आधी मारामाऱ्या तर थांबू देत." तिचंही चूक नव्हतं. मारामाऱ्या थांबायलाच हव्यात. आम्ही गावात बोललो नसतो तर त्या वर्षी आणखी एखादा दूधवाला गेला असता, हे मला पक्कं माहीत आहे, आणि तरीही रात्रंदिवस स्वतःला हेच सांगत बसायची वेळ माझ्यावर येते, कौसाबाईवर नाही.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या यादीत माझं नाव नव्हतं. मी कुठल्याच पॅनेलची नव्हते. त्या महिन्यात कौसाबाईच्या रानात पाऊल टाकायला गावातल्या ज्या एका बाईला मोकळीक होती आणि स्वतःची काढणी नव्हती, ती मी. शाळा पाचला सुटायची. उजेड सहा-साडेसहापर्यंत असायचा. मला दोन हात होते. पण मुख्याध्यापिकेनं धाटं उपटत उभं राहायचं, पोरांनी बघायचं, लोक काय म्हणतील, आणि तटस्थपणाला बाधा येईल. तटस्थ हा शब्द मला फार आवडायचा. त्या शब्दाखाली मी महिनाभर स्वेटर विणला.

महिना सरला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच गलका ऐकून मी बाहेर आले. सावडीची सातही घरं निघाली होती, बायका, बापये, डोक्यावर भाकरीच्या दुरड्या, आणि पुढं आण्णा. जत्रेला निघाल्यासारखे आनंदात होते सगळे. कुणाच्या मनात तिच्याविषयी तिळाएवढंही वाईट नव्हतं, आणि हीच गोष्ट मला अजून पचत नाही. "चला बाई, कलम संपलं! कौसावैनीचं रान येका दिसात मोकळं करू," आण्णा म्हणाले. मीही पायात चपला अडकवल्या.

रानात मेंढरं होती. सांगोल्याकडचा एक मेंढपाळ त्या वाटेनं चालला होता, त्याला तिनं बोलावून कळप आत घातला होता. दाणा राहिला असता तर त्यानं मेंढरं घातलीच नसती, भरल्या कणसांनी त्यांची पोटं फुगतात. त्यानं आधी चार कणसं मोडून बघितली होती, आणि मग निर्धास्त सोडली होती. तिनं एकटीनं काढलेल्या पेंढ्या बांधाला रचून ठेवल्या होत्या. फार थोड्या होत्या. कौसाबाई बांधावर उभी होती. हातांवरच्या चिंध्या काढलेल्या.

"आवं वैनी, ह्ये काय केलंत?" आण्णा म्हणाले. "आमी आलो न्हवं!"

"माजा मालक गेला तवा तुमी समदी आला हुता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दोन्ही आळ्या. पानी पाजलं मला, रडला माज्यासंगं. जवारी गेली तवा कोन आलं न्हाय. मानूस मेल्याबिगर तुमाला यायचं कसं ते ठावंच न्हाय."

दुरड्या घेतलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं दुरडी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मी पुढं झाले, बांधापर्यंत गेले, आणि तिच्या हाताला हात लावणार होते.

"थितंच ऱ्हावा," ती म्हणाली. "बाई, तुमी लिवनाऱ्या. आजून येक कलम लिवा. कौसाबाईच्या रानात कुनीबी पाऊल टाकायचं न्हाय. म्हयनाभर न्हाय, कायम. आनि ह्या टायमाला पयली सही तुमची."

मी ते कलम लिहिलं नाही. सहीही केली नाही. माझी बदली होईपर्यंत आणखी दोन हंगाम मी त्या गावात होते. तिचं रान दोन्ही वर्षी ती एकटीच काढत होती, निम्मं निघायचं, निम्मं पाखरांना जायचं. सावडीच्या घरांतलं कुणी तिच्या बांधावर चढलं नाही, मीही नाही. करार कसा पाळायचा, ते गावाला मीच शिकवलं होतं.